उजवी गाडी, डावीकडे बायको

रास तनुराच्या रिफायनरीत माझा एक इंग्रज साहेब होता. त्याच्या शेडमध्ये दोन जुन्या स्पोर्ट्स गाड्या जुळ्या बहिणींसारख्या उभ्या असत. दोघी लालभडक, दोघींना दोनच सीट आणि वर कापडी टप. एकीचं स्टिअरिंग डावीकडे, सौदीच्या रस्त्यांना साजेसं. दुसरीचं उजवीकडे, आपल्याकडे असतं तसं.

कुवेत पडलं, अमेरिकन फौजा उतरल्या आणि साहेबाला मायदेशी बोलावणं आलं. तो म्हणाला, "एक तुला देऊन टाकतो. कोणती ते संध्याकाळपर्यंत सांग."

मी दुपारभर दोघींना प्रदक्षिणा घातल्या. बायकोने एका वाक्यात निकाल लावला. "डावी घ्या. आपण इथे राहतो."

"अगं, कायम थोडेच राहणार? ही रंकाळ्यावर निघाली की अख्खं कोल्हापूर भेळ खायचं थांबेल. आणि मराठीत उजवं म्हणजे सरस. भाषाच सांगते आहे."

"भाषा गाडी चालवणार आहे का?"

मी उजवी घेतली.

पुढे युद्ध कधीही पेटेल अशी हवा झाली. दम्मामचं बंदर लष्कराच्या सामानाने भरलेलं, म्हणून मी मोठा बेत आखला: दोघांनी या गाडीतून थेट जेद्दा गाठायचं, तिथे बायकोला विमानात बसवायचं आणि गाडीला बोटीत. दोघी सुखरूप घरी.

"दोघींपैकी आधी कोण, तेवढं ठरवून ठेवा," बायको म्हणाली.

रस्ता लष्करी ट्रकांनी गच्च. मी उजवीकडे बसलेला, म्हणजे पुढच्या ट्रकच्या पलीकडचं मला काही दिसेना. काळा अबाया घातलेली बायको डाव्या खिडकीतून मान बाहेर काढायची आणि हुकूम सोडायची. "थांबा, टँकर येतोय. हं, आता काढा." मी काढायचो. नवरा म्हणून मला या पद्धतीची सवय होतीच.

रियाधच्या अलीकडे एका चौकीवर पोलिसाने आम्हाला थांबवलं. सवयीने तो डाव्या खिडकीशी आला, वाकला आणि तसाच राहिला. बायकांनी गाडी चालवायला बंदी असलेल्या त्या देशात, ड्रायव्हरच्या जागी, खिडकीतून हात काढून बसलेली एक बाई.

"ममनू," तो म्हणाला. मनाई.

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग वर उचलून दाखवल्यासारखं केलं. त्याने ते नीट पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, "समजलं. पण बाई तिथे बसणार नाही. लांबून बाईच चालवते असं दिसतं. तिला उजवीकडे बसव."

"उजवीकडे बसली तर ती खरंच चालवेल."

"मग तेही ममनू."

"त्याला सांगा, सत्यनारायणाला मी तुमच्या उजवीकडेच बसते," बायको हळूच म्हणाली. माझ्या अरबीत सत्यनारायण बसत नव्हता.

मी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवला, कंपनीचं ओळखपत्र दाखवलं, हात जोडले. तो मुळीच रागावला नाही. उलट आम्हाला चहा पाजला आणि आमच्याबरोबर डोकं खाजवत बसला. मी एकट्याने गाडी न्यायला त्याची हरकत नव्हती. पण बायकोला एकटीला बसमध्ये बसवायला तो तयार नव्हता, आणि मीही नव्हतो. तेवढ्यात रियाधची बस आली. बायकोने आपली बॅग उचलली. मी किल्ली पोलिसाच्या हातात ठेवली आणि तिच्या मागे चढलो.

चार दिवसांनी बायको विमानात बसली. मी युद्ध संपेपर्यंत कामावर अडकलो, आणि मोकळा होऊन त्या जागी गेलो तेव्हा ना चौकी होती, ना गाडी. म्हणजे गाडीचं शेवटचं दर्शन बसच्या मागच्या काचेतून झालं तेच.

बस सुटताच पोलिसाने चौफेर पाहिलं, टोपी सारखी केली आणि ऐटीत गाडीत शिरला. डावीकडून. दार लावून घेतलं, दोन्ही हात पुढे केले आणि स्टिअरिंगसाठी हवा चाचपू लागला.

"बघा," बायको म्हणाली, "आता तिथून त्याला कुणी उठवतंय का."