लिंबसाईची पायरी

मुलुंडला कोणी सहलीला जातं का? आम्ही बोरिवलीहून गेलो. कारण पंच्याऐंशी ओलांडलेल्या माझ्या सुमतीआत्याने चहा पिता पिता फर्मान काढलं, "माका लिंडसायच्या हॉस्पिटलात घेऊन चल."

मी घाबरलो. "काय होतंय तुला?"

"माका काय जाला नाय. त्याका हात दाखवूचो असा."

आत्याचा उजवा हात. दुसऱ्या महायुद्धात मुलुंडच्या डोंगराखाली जखमी सैनिकांसाठी पत्र्याच्या बराकींचं हॉस्पिटल होतं. माझे आजोबा तिथे स्वयंपाकी. चार-पाच वर्षांच्या आत्याने उकळत्या पेजेत हात घातला. बाहेरच्यांवर तिथे उपचार करायचे नाहीत असा नियम, पण लिंडसे नावाच्या मोठ्या डॉक्टरने तिला सैनिकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं आणि बोटं वाचवली. पुढे तो तिथेच तापाने गेला. हॉस्पिटलला त्याचं नाव मिळालं, फाटकाशी उठावाच्या अक्षरांत त्याचं नाव कोरलेला दगड बसला. कामगारांच्या तोंडी लिंडसेचा लिंडसाय झाला. त्या हाताने आत्याने जन्मभर घावणे काढले आणि आम्ही ते चापले. आता तिला एकदा त्या दगडावर, त्याच्या नावावर, हात ठेवायचा होता.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि रिक्षा सरळ पवईमार्गे न्या. आमच्या रिक्षावाल्याला साकीनाक्याचा शॉर्टकट सुचला आणि वाट लागली. भाडं पाचशेच्या वर गेलं. भांडुपला मिसळ खाल्ली. तर्री झकास, पाव कालचा. आत्या रस्ताभर नवी कोरी पैठणी सावरत बसली होती.

मुलुंडला मिलिटरी हॉस्पिटल कोणालाच माहीत नव्हतं. पानवाला म्हणाला, "असलं काय नाय इथं. पुढं लिंबसाई आहे, तिथं विचारा ना."

"तोच तो! लिंडसाय!" आत्या रिक्षातच उभी राहायला लागली.

पोचलो तर टॉवरच्या कुंपणाला लागून कडुलिंब आणि त्याखाली साईंचं छोटं देऊळ. बराकी, वॉर्ड, फाटक, काही नाही. पुजारी अगत्याने म्हणाले, "जुने लोक या जागेला लिंबसाईच म्हणायचे. लिंब होताच, मग आम्ही साई बसवले."

आत्याने विचारलं, "हंय एक दगड होतो, इंग्रजी अक्षरांचो."

"होता ना! ही काय, पायरी. अक्षरं पायाला टोचायची, म्हणून उलटा बसवला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझं मनगट दाबलं. मागून एक बाई आली, तिने वाकून पायरीला लावलेला हात कपाळाला टेकवला, मग ती त्याच पायरीवर पाय देऊन आत गेली. आत्या वर चढली नाही. खाली बसली आणि दगडाच्या गुळगुळीत पाठीवर हात फिरवत राहिली. मला फार वाईट वाटलं. नमस्कार रोज होतो, पण कोणाला ते कोणालाच ठाऊक नाही.

घरी आल्यावर तिने पैठणी घडी करून ठेवली. मी समजूत घातली, "दगडाला हात तर लागला ना, आत्या."

ती आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "लागलो रे. पण पाठमोऱ्या माणसाक हात कसो दाखवतलंय?"