मातीच्या भिंतीला सिमेंट

मी सातवीत शाळा सोडली आणि गवंड्याच्या हाताखाली गेलो. कोकणातलं आमचं घर मातीचं. दर दिवाळीआधी आई भिंती लिंपायची, आणि मला त्याची लाज वाटायची. पहिल्यांदा सिमेंटचा गिलावा केला, त्यावर गुळगुळीत करायचा रंधा फिरवला, तेव्हाच ठरवलं की आता मातीत हात घालायचा नाही. त्याच सिमेंटने मला ओमानपर्यंत आणलं. त्याचे उपकार मी विसरलो नाही, म्हणून तर चूक झाली.

निझव्याजवळच्या ज्या गावात आम्ही राहतो, तिथलं हे घर एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांचं आहे. मी त्यांना अर्बाब म्हणतो, म्हणजे मालक, आणि ते मला सदीक म्हणतात, म्हणजे दोस्त. त्यांच्या आईवडिलांचं हे मातीचं घर खजुराच्या बागेला लागून कितीतरी वर्षं बंद पडलं होतं. मी कंपनीच्या कॅम्पमध्ये सात जणांबरोबर एका खोलीत राहायचो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्यातली सात मी इकडे आणि बायको तिकडे. शहरात दोघांपुरतं घर परवडत नव्हतं. अर्बाबच्या नव्या घराच्या लाद्या मी बसवल्या होत्या. तेवढ्या ओळखीवर त्यांनी हे घर दिलं. म्हणाले, "सदीक, ठीक करो और रहो. लेकिन ईद को मेरा दोनों भाई आएगा." भावांना घर पाडून तिथे गाड्यांसाठी शेड घालायची होती. ईदपर्यंत ते राहण्यासारखं दिसलं तर आम्ही राहायचं, नाही तर बायकोने गावी परत जायचं आणि मी कॅम्पमध्ये. माणूस इतका भला की त्याने हे आधीच स्पष्ट सांगितलं.

बायको आली आणि मी लगेच कामाला लागलो. शुक्रवार-शनिवार सुट्टी, बाकीच्या दिवशी कामावरून आल्यावर तासभर. पुढच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे काढले, ओळंबा लावला आणि झकास सिमेंटचा गिलावा केला. मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. गिलाव्याला पाणी मारल्याशिवाय तो पक्का होत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

बायको दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "अहो, आत माती आहे ना? ती पाणी पीत नसेल?"

"तू स्वयंपाकाचं बघ," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी भिंतीवर बोट वाजवलं, तर आवाज बद्द आला, म्हणजे गिलावा आतून सुटला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराएवढा पापुद्रा खाली आला, आणि मागची वीतभर माती घेऊन आला. आत भिंत ओली, चिखलासारखी. मी हात लावला तर बोटं आत गेली.

रमजान आठवड्यावर होता, म्हणजे ईदला पाच आठवडे. मी त्या जागेवर चादर लावली. बायकोने ती काढून घडी घातली.

"त्यांना सांगा," ती म्हणाली.

"काढतील ते आपल्याला."

"चादर बघून ठेवतील का? घर त्यांच्या आईचं आहे. चला, मी पण येते."

शुक्रवारच्या नमाजानंतर गेलो. भिंतीचं सगळं सांगितलं. अर्बाब काठी टेकत आले, भिंत पाहिली, काठीने उरलेला गिलावा ठोकला. मग म्हणाले, "ये दीवार पसीना करता है, सदीक. तुमने इसको प्लास्टिक का कोट पहनाया."

"माफ करो, अर्बाब."

"माफ बाद में. पहले सिमेंट खलास. पूरा."

मी स्वतःच्या हाताने केलेलं काम छिन्नीने उतरवलं. चांगलं काम होतं, म्हणून जास्तच वेळ लागला. अर्बाबने बागेतली माती कुठून घ्यायची ते दाखवलं. ती चाळून, पेंढा बारीक करून, पाणी घालून खड्ड्यात भिजत टाकली. दुसऱ्याच दिवशी मी थापी घेऊन तयार, तर ते म्हणाले, "नहीं. बास आने दो."

माती आंबून वास येईपर्यंत आठवडा गेला. मी ईदचे दिवस मोजत होतो. शेवटी वास आला, आणि त्या चिखलात बायको साडी खोचून उतरली. पायाने माती तुडवायची तिची पद्धत बघून अर्बाब सावलीतल्या खुर्चीवर सरसावून बसले.

"सदीक, मिस्त्री कौन है? तुम या ये?"

"ये," मी म्हणालो.

ती हसली. "आता कळलं तुम्हाला," मला मराठीत म्हणाली.

तोवर रोजे सुरू झाले होते. अर्बाब दिवसभर पाण्याविना बसायचे, म्हणून आम्ही आत जाऊन पाणी प्यायचो. त्यांना ते कळत असे; आम्ही बाहेर आलो की विचारायचे, "पिया? अच्छा. यल्ला, काम शुरू." भिंतीला थर द्यायचा तो पातळ आणि हाताने. एक वाळला की दुसरा. थंडीमुळे वाळायला वेळ लागायचा. मी रंध्याने गुळगुळीत करायला गेलो की बायको मनगट धरायची. आई लिंपताना तळवा जसा अर्धगोल फिरवायची, तसा माझा हात फिरायला लागायला तिसरा थर यावा लागला.

शेवटचा थर ईदच्या दोन दिवस आधी दिला. उत्तरेचा कोपरा वाळलाच नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ आले. बायकोने शिरा आणि कांदाभजी केली होती. भाऊ छत बघत होते, एकमेकांशी अरबीत बोलत होते. माझं लक्ष कोपऱ्याकडे. आणि धाकटा भाऊ बोलता बोलता नेमका त्याच कोपऱ्याला टेकून बसला. अंगात पांढराशुभ्र डिशडाशा, इथला पायघोळ झगा. तो उठला तेव्हा पाठीवर ओल्या मातीचा भला मोठा डाग.

थोरल्याने तो दाखवला. धाकट्याने मान वळवून पाहिलं, मातीला बोट लावून वास घेतला आणि अर्बाबला काहीतरी म्हणाला. तिघेही हसू लागले.

अर्बाबने मला सांगितलं, त्यांची आई दर ईदआधी हीच भिंत लिंपायची. ओली आहे, टेकू नका म्हणायची, आणि दर ईदला ह्या धाकट्याच्याच नव्या कपड्यांवर डाग. मार खायचा.

मी विचारलं, "और वो शेड?"

अर्बाबने धाकट्याकडे पाहिलं. त्याने एक भजं उचललं आणि हिंदीत मलाच उत्तर दिलं, "अगली ईद को फिर आऊँगा. तब ये सूखा होना चाहिए."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"इन्शाल्ला नहीं. सूखा."

ते गेल्यावर कोपऱ्यातला पाठीचा ठसा मी तळव्याने बुजवला. बायको मागच्या अंगणात होती. स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी तिने माती चाळायला घेतली होती.