वामनअण्णांचे हातमोजे

मंजुनाथचा फोन आला तेव्हा मी चिकपेटच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला रबरी हातमोजा ताणून दाखवत होतो. पलीकडून कन्नडमध्ये एवढंच आलं, ‘अण्णा होग्बिट्रु.’ अण्णा गेले. सकाळी कारखान्यात आले, दुरुस्तीला आलेल्या विजेच्या मोटारींवरून नजर फिरवली, कॉफी सांगितली आणि कॉफी यायच्या आत खुर्चीतच मान टाकली... हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर नंतर म्हणाले. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत उभं होतं. मी त्याला हातमोजे बांधून दिले, शटर ओढलं आणि निघालो. त्याला आता महिना होत आला. एवढे दिवस लिहायला बसलो की उठत होतो, आज मात्र बसलोय.

वामनअण्णा माझे साडू. माझी बायको सुनंदा आणि त्यांची शालूअक्का सख्ख्या बहिणी. आमची दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूची, त्यामुळे कन्नड कालवल्याशिवाय आमचं मराठी वाक्य पुरं होत नाही. बोम्मसंद्र्याला त्यांचा विजेच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करायचा लहानसा कारखाना. मंजुनाथ त्यांचा जुना कारागीर. माझं हार्डवेअरचं दुकान, आणि त्यातली निम्मी भिंत हातमोज्यांची. वेल्डिंगचे चामडी, अ‍ॅसिडचे रबरी, पत्रा उचलायचे जाड सुती, सगळे. आता सख्ख्या साडूचं असं दुकान असताना या गृहस्थाने उभ्या आयुष्यात बोटाला हातमोजा लावू दिला नाही, याला काय म्हणायचं? लग्नामुंजीत लोक मुद्दाम विचारायचे, ‘काय हो, तुमचे साडू तरी घालतात का?’ मी आपला मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावायचो.

वाद आमचा कायमचा. सणाला एकत्र जेवायला बसलो की अण्णांच्या नखांतली काळी रेघ दिसायची आणि माझी जीभ सुटायची. फिरत्या यंत्राजवळ हातमोजा घालणं म्हणजे यंत्राच्या हाती आपली शेंडी देणं, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य होतं. ड्रिलिंगवाल्या गिऱ्हाइकांना मीच सांगतो की बाबा, मशीन चालू असताना हे काढून ठेव, बोटासकट आत ओढेल. पण बंद मोटार उघडताना? धारेचा पत्रा, तापवलेलं बेअरिंग, वार्निश, तिथे काय हरकत आहे? त्यावर अण्णा शांतपणे भात कालवत म्हणायचे की बाळाला ताप आहे का हे कोणी हातमोजा घालून बघतं का? शालूअक्का स्वयंपाकघरातून ऐकवायची की स्वतःच्या बाळांना ताप आला तेव्हा हे कधी घरी होते म्हणून बघायला. अण्णा हसायचे. माझं सगळं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी.

खरं सांगायचं तर त्यांचं कामच तसं होतं. दुरुस्त झालेली मोटार गाडीत चढवायच्या आधी अण्णा तिच्या शाफ्टला, म्हणजे बाहेर आलेल्या फिरत्या दांड्याला, उघडा हात लावायचे, डोळे अर्धवट मिटून तो सावकाश फिरवायचे, दुसरा तळवा मोटारीच्या पाठीवर. कुठे खरखर आहे का, कुठे अडखळतंय का. मग मान हलली तर मोटार गेली, नाही हलली तर पुन्हा उघडायची. मोठमोठ्या कंपन्यांकडे मोजमापाची उपकरणं असतात, पण त्यांच्या मोटारी येत राहिल्या त्या अण्णांचा हात लागून जातात म्हणून.

मग त्या हातांना मुंग्या यायला लागल्या. मनगटातली नस दाबली गेली आहे, ऑपरेशन करा, लांबवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण अण्णांचं सदा एकच, एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघू. एक गेली की दुसरी दारात. शेवटी वेदनांनी डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा कुठे उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं. शालूअक्काने पेढे वाटले, सगळ्यांनी हुश्श केलं, विषय संपला.

आणि एक दिवस अण्णा चिकपेटला माझ्या दुकानात आले. असे ते कधी यायचे नाहीत, गर्दीचा त्यांना तिटकारा. आले, सुनंदाची चौकशी केली, मेट्रोची केली, भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्या लक्षात येत होतं, पण ताक कोणतं ते कळेना. शेवटी म्हणाले, ‘एक जोड दे. पातळ बघून.’ इतकी वर्षं भांडून जिंकलो होतो, खरं तर मी गल्लीत पेढे वाटायला हवे होते. पण सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असा हा माणूस, तो स्वतःहून हातमोजे मागतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय. जोड बांधायच्या आधी मी त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेलो.

कॉफी आली. माझ्याने स्टीलचा पेला धरवेना इतका तो तापलेला. अण्णांनी मात्र उजव्या हाताच्या मुठीत धरला आणि धरूनच बसले. मी म्हटलं, ‘अण्णा, भाजत नाही का?’ त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. दुखणं गेलं होतं, पण बोटांची जाण परत आलीच नव्हती. उशीर झाला होता आणि डॉक्टरांनी ती शक्यता आधीच सांगितली होती. डावा हातही त्याच वाटेवर. करंगळी तेवढी शाबूत, बाकीची बोटं लाकडाची. आदल्या आठवड्यात पत्र्याने बोट कापलं, ते रक्त त्यांच्या आधी मंजुनाथला दिसलं होतं. हातमोजे हवे होते ते यासाठी. हात वाचेल आणि कोणी काही विचारणार नाही. मग पेल्याच्या कडेवरून करंगळी फिरवत म्हणाले, ‘मोटार आतून कशी आहे हे मला कळेनासं होईल त्या दिवशी पाटी उतरवायची, असं मी ठरवून ठेवलं होतं. तो दिवस आलाय रे. पण पाटी उतरवावीशी वाटत नाही.’

या माणसाला मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी काहीतरी धीराचं बोलणार, तर त्यांनीच विचारलं, रविवारी दुकान बंद असतं ना, येशील का कारखान्यात? मी म्हटलं, मी येऊन काय दिवे लावणार, मंजुनाथ आहे की चांगला. त्यावर ते म्हणाले, ‘मंजुनाथला विचारलं तर तो बिघाडाचं निदानच सांगेल. निदान मी करीन. मला हात हवाय. तुला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तुझाच हवाय.’

असा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता.

मग रविवारी मेट्रोने बोम्मसंद्र्याला जायचं हे ठरूनच गेलं. सुनंदाला सांगितलं, अण्णांचा हिशेब बघायला जातो. कारखान्यात सुट्टी, आम्ही दोघंच. अण्णा खुर्चीवर हातमोजे घालून बसायचे आणि हातमोजे विकणारा मी उघड्या हाताने ग्रीसमध्ये. देवाची करणी! सुरुवातीला मला सगळ्याच मोटारी सारख्या लागायच्या. अण्णा ओरडायचे नाहीत, ‘स्वल्प हळू’ म्हणायचे. दाबू नकोस, नुसता हात राहू दे. मग एकदा एका पंपाच्या मोटारीत मला काहीतरी लागलं, फिरता फिरता एका जागी बारीकसं अडखळल्यासारखं. मी म्हटलं, इथे काहीतरी आहे. अण्णा खुर्चीतून पुढे वाकले आणि विचारलं, ‘पुढून येतंय की पंख्याकडून?’ मोटारीला दोन टोकांना दोन बेअरिंगं, एक पुढे शाफ्टच्या बाजूला, एक मागे तिच्या पंख्याच्या बाजूला. मी तळवा सरकवून बघितला. पुढून. सोमवारी मंजुनाथने ते बेअरिंग काढलं तर आतल्या गोलाईवर खरंच खड्डा पडलेला. अण्णांनी फोन करून सांगितलं आणि मी दुकानातल्या नोकरांना विनाकारण चहा पाजला. त्यानंतर मी काहीही म्हटलं की तोच प्रश्न, पुढून की पंख्याकडून. नक्की सांगता आलं नाही तर नाही म्हणायचं, अंदाज नको, असा दंडक. पाटी उतरली नाही. कंपन्यांच्या मोटारी येत राहिल्या, जात राहिल्या. अण्णांना आतून काय वाटत असेल ते वाटो, पण रविवारी निघताना ते मला साबणाचा डबा स्वतः आणून द्यायचे आणि माझे हात स्वच्छ होईपर्यंत शेजारी उभे राहायचे.

तेराव्यानंतर शालूअक्काने कारखाना मंजुनाथच्या हाती सोपवला. बरं केलं. मागच्या रविवारी त्याचाच फोन आला, या म्हणून. गेलो. टेबलावर एक मोटार तयार होती, शाफ्ट पुसून ठेवलेला. मंजुनाथ जरा संकोचून म्हणाला की रक्त निघालं आणि अण्णांना कळलं नाही, त्या दिवशीच त्याने ओळखलं होतं. रविवारी मी येतो हेही ठाऊक होतं, म्हणून शनिवारी जाताना तो मोटारी अशा पुसून, हात लागेल अशा लावून ठेवायचा. अण्णांना तो कधी काही बोलला नाही. मी म्हटलं, सरी, बरं तर.

बाह्या सारल्या. एक तळवा मोटारीच्या पाठीवर ठेवला आणि शाफ्ट सावकाश फिरवला. एका जागी अडखळलं. मी म्हटलं, आहे काहीतरी. मंजुनाथने मान डोलावली आणि पाना आणायला वळला, पुढचं त्याचं त्याला कळत होतं. मी हात तसाच ठेवून पुन्हा एकदा फिरवला, नक्की करून घेतलं.

‘पंख्याकडून,’ मी म्हणालो. विचारलं कोणीच नव्हतं.