परमनंट नाक

"आधी तो बर्फ बाजूला करा," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

पल्लवीच्या आईने बर्फाची पिशवी पोरीच्या नाकावर गच्च दाबून धरली होती. "पार्लरवालीनं फोनवर सांगितलं, बर्फ लावा म्हणून. सूज हाय म्हणाली."

सूज नव्हती. नाकाचा शेंडा पांढराफटक पडला होता आणि त्याच्या वर जांभळट जाळी उमटली होती. मी शेंडा बोटाने दाबून सोडला. एरवी कातडीचा रंग दोन सेकंदांत परत येतो. मी मनात सातपर्यंत मोजलं. मग पल्लवीच्या डोळ्यांसमोर बोटं धरून विचारलं, "किती?" तिने बरोबर सांगितलं, तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. नाकात टोचलेलं उलटं सरकलं तर नजर जाऊ शकते, आणि गेलेली नजर परत येईल असं कुणीच सांगू शकत नाही.

मी प्लास्टिक सर्जन. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं क्लिनिक आहे. प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक नसतं, हे सांगण्यातच माझी निम्मी प्रॅक्टिस गेली.

पल्लवी मंगळवेढ्याची, वय सव्वीस, तिथल्याच एका ऑफिसात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. ड्रेस घ्यायचा म्हणून आईला घेऊन सोलापूरला आली, तिला दुकानात बसवलं आणि अकरा वाजता पार्लरमध्ये जाऊन नाकात इंजेक्शन घेऊन आली. दुपारी एसटी स्टँडवर कळा सुरू झाल्या. तीन वाजता दोघी माझ्यासमोर.

"काय भरलंय नाकात?" मी विचारलं.

"फिलर. परमनंटवालं."

इथे थोडं थांबून सांगते. बसकं नाक उंच करायला फिलर टोचतात. साधं फिलर वर्षा-दीड वर्षात विरघळतं. घोटाळा झालाच तर त्याच्यावर उतारा आहे. एक एन्झाइम टोचलं की ते विरघळायला लागतं. परमनंट फिलर विरघळत नाही. ते शिरेत अडकलं तर उतारा नाही, आणि नाही अडकलं तरी काही वर्षांनी कधीतरी गाठी होतात. सिलिकॉनचा तुकडा आत बसवतात, त्याचंही तसंच. कुणाला तो जन्मभर साथ देतो. कुणाच्या नाकात तो सरकतो, पिकतो, नाहीतर कातडी पातळ करून बाहेर डोकावतो. बसवताना मात्र सगळे एकच शब्द सांगतात: परमनंट.

"परमनंट कशाला घेतलंस गं बाई?"

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दर अकरा महिन्यांनी नोकरीची ऑर्डर संपते मॅडम. पाच वर्षं झाली. म्हणलं, एक तरी गोष्ट परमनंट होऊ दे की."

आईने हातातली पिशवी बाजूला ठेवली. "माझ्यावानी नाक हाय तिचं. मला काय कमी पडलं त्या नाकानं?" एवढंच बोलली आणि तोंड फिरवून बसली.

मला पल्लवीचा रागही आला आणि वाईटही वाटलं. पण वेळ दोन्हीला नव्हता.

एन्झाइमचा पहिला डोस मी लगेच दिला. काय भरलंय ते माहीत नसलं तरी तो द्यायचाच असतो. सिस्टरने कोमट शेक सुरू केला. पण पाऊण तासात रंग हलला नाही. फिलर साधं असेल तर तासातासाला डोस देत राहायचं, हार मानायची नाही. परमनंट असेल तर तेच करत बसणं म्हणजे हातातले तास घालवणं. मला नक्की कळायला हवं होतं. मी पार्लरवालीला फोन लावला.

"मॅडम, परमनंटच आहे," ती म्हणाली. "ग्यारंटी दिलीय आम्ही."

"नीट आठवून सांगा."

"शंभर टक्के परमनंट. हलणार नाही मॅडम."

मी जितकं खोदून विचारावं, तितकी ती ग्यारंटी वाढवत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटत होतं, मी गिऱ्हाइकाच्या वतीने भांडतेय.

"ताई, ऐका. पोरीचं नाक काळं पडतंय. तुम्ही खोटं बोलला असाल तर तिचं नाक वाचेल. खरं बोलला असाल तर अवघड आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"परमनंट म्हटल्याशिवाय बायका तयार होत नाहीत हो मॅडम," ती हळूच म्हणाली. "ते वर्षभराचंच आहे."

"खोक्याचा फोटो टाका. आत्ता."

फोटो आला. साधंच फिलर होतं. कुणीतरी फसवलं म्हणून मला आनंद व्हायची ही पहिलीच वेळ. तिला मी पुढे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पार्लरमध्ये नाकात सुई घालणं हाच मुळात गुन्हा आहे, आणि तशी लेखी तक्रार मी दुसऱ्या दिवशी केली.

आता तास वाया जातायत ही फिकीर नव्हती. दुसरा डोस. तिसरा. तिसऱ्यानंतर मी शेंडा दाबून सोडला आणि तीन मोजायच्या आत तो लाल झाला. आई उठून जवळ आली. "आलं व्हय रगत?" म्हणाली, आणि पोरीच्या नाकाला हात न लावता तिची वेणी कुरवाळत बसली.

शेंड्यावरचा एक ठिपका तेवढा वाचला नाही. तिथे खपली धरली आणि ज्वारीच्या दाण्याएवढा डाग राहिला.

दोन महिन्यांनी पल्लवी तपासणीला आली. नाक पुन्हा आईसारखं. ऑर्डरही आली होती, अकरा महिन्यांची.

"नाक उंच करायचंच असेल तर तुझ्याच कानाची कूर्चा वापरून करता येतं," मी सांगितलं. "पण आधी वर्षभर विचार कर. आणि कुणी काही टोचायला आलं तर पहिला प्रश्न विचार, हे काढता येतं का? नोकरी परमनंट बघावी. नाकातला माल कंत्राटीच बरा."

ती हसली. मग आरशात बघत शेंड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आणि हा डाग, मॅडम? हा कधी जाईल?"

"तो नाही जाणार," मी म्हटलं. "तो परमनंट आहे."