एस्तेरचे डॉक्टर

दर गुरुवारी संध्याकाळी मुलुंडला माझ्या घरी आम्ही सात-आठ जण बायबल वाचायला जमतो. वाचन अर्धा तास, गप्पा दोन तास. त्यामुळे वचनं पाठ झाली नाहीत, किस्से मात्र ढीगभर साठले. एस्तेरचा किस्सा सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

एस्तेर आमच्या गुरुवारच्यातलीच, नर्स. भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये अकरा वर्षं होती. तिथल्या डॉक्टरांनी एका म्हातारीला चुकीचं इंजेक्शन दिलं. ती गेली. तासाभरात केसपेपर बदलला आणि इंजेक्शन एस्तेरने दिलं, असं झालं. नोकरी गेली. वर डॉक्टर तिला म्हणाले, "मी बुडालो तर वीस जणांची घरं बुडतील. तू काय, एकटीच आहेस."

*

पुढच्याच गुरुवारी वाचनात नेमकं स्तोत्र आलं, दुष्टांची भरभराट बघून जळणाऱ्या माणसाचं. आमचे पास्टर तरुण, नवीन. दुष्ट लोक गवतासारखे लवकर सुकतात, असं त्यांनी समजावून सांगितलं.

एस्तेरने शांतपणे विचारलं, "लवकर म्हणजे किती, पास्टर?"

पास्टरांनी चहा मागितला.

*

वर्ष-दीड वर्षात नर्सिंग होमचं हॉस्पिटल झालं. सहा मजली. पोस्टातून रिटायर झालेले आमचे सॅम्युएलकाका मुद्दाम जाऊन बघून आले. म्हणाले, "हे गवत लिफ्ट लावून वाढतंय."

*

मग डॉक्टरांना सेवाभावी म्हणून पुरस्कार मिळाला. सेवाभावी! बसस्टॉपवर हात जोडलेला त्यांचा भलामोठा बॅनर. एस्तेर तेव्हा एजन्सीतर्फे घरोघरी आजारी माणसं सांभाळायची आणि रोज त्याच बॅनरखाली बसची वाट बघायची. मी म्हटलं, अगं, पुढच्या स्टॉपवर जा ना.

"मी का जाऊ? मी काय केलंय?"

*

एकदा प्रार्थनेत काकांनी सरळ मागितलं, की प्रभू, त्या डॉक्टरचं काहीतरी बघ. पास्टरांनी एक डोळा उघडून सांगितलं, असं मागू नये.

काका म्हणाले, "मग स्तोत्रात काय मागितलंय?"

पास्टरांनी डोळा मिटला.

*

सहाव्या वर्षी डॉक्टरांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलांची भांडणं होऊन हॉस्पिटल विकलं गेलं, बोर्डावर दुसरंच नाव लागलं. घरी नर्स हवी म्हणून सुनेने एजन्सीला फोन केला आणि एजन्सीने पाठवली एस्तेरला. सून तिला ओळखत नव्हती. डॉक्टरांनी ओळखलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी एस्तेरला म्हटलं, सोड ती ड्युटी, थुंक त्या घरावर. ती नाही म्हणाली. तिने त्यांना पुसलं, कुशीवर वळवलं, भरवलं. बोलण्याचा सराव रोज घ्या, असं थेरपिस्टने सांगितलं होतं. तोही एस्तेरच घ्यायची, जेवणाआधी, एकच शब्द. चार महिने.

गेल्या आठवड्यात डॉक्टर बोलले. मोडकं, पण कळेल असं. सगळं घर पलंगाभोवती जमलं, सुनेने पेढे मागवले.

"सुलोचना," डॉक्टर म्हणाले, आणि रडायला लागले.

सुनेने एस्तेरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, या सुलोचना कोण?

एस्तेर म्हणाली, "यांच्या पेशंट होत्या."