न आलेला पूर

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, जन्मभर रूळ तपासलेला माणूस. जर्मनीत एर्लांगेनला माझ्याकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखलं, की घरामागचा सायकलचा रस्ता ही एके काळची रेल्वेलाइन आहे. "इतका संथ चढ सायकलींसाठी कोण काढतं रे?"

खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा त्याच लाइनवर गार्ड होते. बाबांनी वही काढली. दुभाष्या अर्थात मी. माझं ऑफिस इंग्रजीत चालायचं. घरी मात्र मी जर्मन फाडफाड बोलतो असं सांगून ठेवलेलं.

पुलाचे नुसते दगडी खांब उरले होते. तिथे उभं राहून आजोबा पंधरा मिनिटं त्यांच्या गावठी बोलीत बोलले. मला 'बस' आणि 'पाणी' एवढंच कळलं. मी आपला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', करत होतो.

"लाइन बंद का झाली म्हणतात?"

"पुरात पूल वाहून गेला, बाबा."

बाबांनी खांबावरून हात फिरवला. "हा तर एक सूतभरही हललेला नाही."

"ते म्हणतात तसं सांगतोय."

"बरं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय." आणि लिहून घेतलं.

पुण्याला परतून त्यांनी त्या पुरावर पेन्शनरांच्या मासिकात लेख लिहिला, आजोबांना इंग्रजीतून आभाराचं पत्र पाठवलं. ते नातीकडून वाचून घेऊन आजोबा माझ्या दाराशी आले. या वेळी सावकाश बोलले, म्हणून कळलं. "कसला पूर? पुलापाशी इंजिन पाणी घ्यायला थांबायचं. बस आली, माणसं गाडीत बसेनाशी झाली. सांगितलं होतं ना मी?"

मी म्हणालो, "बाबांचा गोंधळ झाला असेल. वय झालंय."

"हो, हो. मग त्यांना काही बोलू नका." बाबांना उत्तरात त्यांनी फक्त बागेतल्या सफरचंदांबद्दल लिहिलं.

मी कॉलिंग कार्डवरून फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, पुराचं एवढं विचारलं, त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही."

"हल्ली विसरतात, बाबा."

"अरेरे."

पुढे दोघं एकमेकांना सांभाळून घेत हवापाण्याचं लिहीत राहिले. रेल्वेबद्दल बोलायला दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं.

आजोबा गेले, मग बाबा. दोघांनाही शेवटपर्यंत सगळं आठवत होतं. विसराळू त्यांना मी केलं. आता मला जर्मन बरं येतं. मासिकाला दोन ओळींची दुरुस्ती पाठवावी म्हणून कागद घेतला, आणि हे लिहून बसलो.