मावशींचं अंगावरचं दुखणं

तयार कपड्यांच्या कारखान्यात मावशी शर्टांना काजं करायच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी लांब नांदत होती. तीन महिने त्यांना नको तिथे खाज सुटायची, दह्याच्या कवडीसारखं पांढरं जायचं. मुलगी फोनवर विचारायची, "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" मावशी म्हणायच्या.

आपलीच स्वच्छता कमी पडते, असं वाटून त्या जंतुनाशक साबणाने घासून धुवायच्या. आग आणखीच वाढायची. मशीनवर बसवेना, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

बाईंनी तपासलं. "ही बुरशी आहे. यात तुमचं काही चुकलेलं नाही. तिथे साबण लावू नका, आतले कपडे सुती घाला. सारखं होतंय, तर साखरही तपासू."

साखर वाढलेली निघाली. तिच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बुरशीच्या औषधाने आठवड्यात खाज थांबली.

"आता बरं वाटतंय," त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं.

"म्हणजे? काय झालं होतं?"

घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मावशींनी उठून दार लावलं आणि त्या हळू आवाजात सांगायला लागल्या.